मधुमेह हा श्रीमंतांचाच रोग आहे काय?

"साखर व्हायची ती शेठजीला. ढेकळं तुडवणाऱ्याला कसली आलीय साखर?" हे वाक्य तुम्ही पारावर, आठवड्याच्या बाजारात किंवा एस. टी. च्या स्टँडवर केव्हा ना केव्हा ऐकलेच असेल. कदाचित स्वतः म्हटलेही असेल. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. जो बसून खातो त्याचे पोट सुटते, आणि ज्याचे पोट सुटते त्याला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या मंडळींचा शेजार लवकर लाभतो, हे खरेच आहे. परंतु या वाक्यातून आपण नकळत दुसराही एक अर्थ काढतो. तो असा की, गरिबी हेच या रोगांवरचे कवच आहे. हा दुसरा अर्थ आता टिकत नाही. तो का टिकत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा मनुष्य आहे. तेव्हा गोळी-औषधाचा सल्ला माझ्याकडून कोणी मागू नये. पण रोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हा प्रश्न नुसता शरीराचा नाही. घरात शेवटी कोण जेवते, कोणाच्या वाट्याला कसले काम येते, मुलगी कितवीपर्यंत शिकते, याच्याशीही तो बांधलेला आहे. आणि तिथे आम्हा मास्तर मंडळींनाही चार शब्द बोलण्याचा अधिकार पोचतो.

आधी थोडे आकडे. रेडिओवर बोलताना आकडे फार सांगू नयेत, ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाहीत. पण छापील पानावर मागे वळून पाहता येते, म्हणून देतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात एकतीस राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतून घरोघर जाऊन एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा, असा तिचा अंदाज आहे. वीस वर्षांवरील माणसांत शेकडा ११.४, शहरांत शेकडा १६.४ आणि खेड्यांत ८.९. म्हणजे शहर पुढे आहे खरे. पण त्याच पाहणीत आणखी एक रकाना आहे. ज्यांच्या रक्तातली साखर रोगाच्या रेषेला टेकलेली नाही, पण निरोगी रेषेच्या वर मात्र गेली आहे, अशा उंबरठ्यावरच्या माणसांचा तो रकाना. त्यात खेडे आणि शहर जवळजवळ बरोबरीत उभे आहेत, दोन्हीकडे शेकडा पंधरा! आत पाऊल टाकलेले कमी असतील. उंबरठ्यावरची गर्दी सारखीच आहे.

याच पाहणीचा पंधरा राज्यांचा एक भाग त्याआधी २०१७ साली बाहेर आला होता. बहुतेक ठिकाणी अपेक्षेप्रमाणेच दिसले: हाती पैसा अधिक, तिथे मधुमेह अधिक. परंतु चंदीगड, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र, या सुस्थितीतल्या प्रदेशांच्या शहरांत चित्र उलटे निघाले. तिथे खालच्या आर्थिक थरातच मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले. शेठजीचा रोग शेठजीच्या दारावरच्या रखवालदाराकडे वस्तीला गेला, असे म्हणा हवे तर.

आता येथे शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे थांबतो, कारण आकड्यांची एक फसगत वर्गात समजावून देण्याजोगी आहे. फळ्यावर दोन वाड्या काढा. आकडे कल्पितच घ्या. प्रत्येक वाडीत शंभर प्रौढ माणसे. वरच्या वाडीत सत्तर तरुण व तीस वयस्क. खालच्या वाडीत तीस तरुण व सत्तर वयस्क. तरुणांत शेकडा दहांना आणि वयस्कांत शेकडा तिसांना रोग आहे, असे दोन्हीकडे सारखेच धरा. आता बेरीज करा. वरच्या वाडीत सात अधिक नऊ, सोळा रोगी. खालच्या वाडीत तीन अधिक एकवीस, चोवीस रोगी. कोणी पाहुणा येऊन म्हणेल, खालच्या वाडीचे पाणीच वाईट! वास्तविक पाण्याचा काही दोष नाही. वाडीतली तरणीताठी माणसे पोटापाण्यासाठी बाहेर गेली आणि म्हातारी माणसे मागे राहिली, एवढेच झाले. आपल्याकडे कोकण हे याचे जुने उदाहरण. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. पुरुष मुंबईच्या चाळीत, नाहीतर आखातात. म्हणून शहाणा अभ्यासक दोन गावांची तुलना करण्यापूर्वी वयाचा हिशेब समान करून घेतो. वर सांगितलेला उलटा निकालही हा हिशेब ध्यानात ठेवूनच वाचायचा.

वयाची गोष्ट निघाली, तेव्हा आणखी एक ध्यानात घ्या. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या मुलाची सरासरी आयुर्मर्यादा बत्तीस वर्षांच्या आसपास होती. आता ती सत्तरीला टेकली आहे. पटकी, देवी, मलेरिया यांच्या तडाख्यातून वाचलेला मनुष्य पन्नाशी-साठी पाहतो, आणि सावकाश वाढणारे रोग त्या वयाचीच वाट पाहत बसलेले असतात. मधुमेह वाढला याचा काही भाग तरी आपण जगलो याचा पुरावा आहे. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या भागाचा.

त्या उरलेल्या भागाचा माग काढणारे पहिले काही लोक विलायतेत निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास हाती घेतला. एकाच गाडीवर दोन माणसे, एक चालक, एक वाहक. पगार, वस्ती, राहणी यांत फारसा फरक नाही. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटे फाडीत दिवसाकाठी पाच-साडेपाचशे पायऱ्या तरी चढतो-उतरतो. हजारो नोकरांच्या नोंदी तपासून १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, हृदयविकाराचे झटके चालकांत अधिक आणि वाहकांत कमी. जो हिंडतो त्याचे हृदय टिकते, हा धडा आज शाळेतला मुलगाही सांगेल; तेव्हा तो नवा होता.

पण मला या गोष्टीतला पुढचा भाग अधिक आवडतो. मॉरिस यांनी आपल्याच निकालावर शंका घेतली. मुळात जाडी माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील तर? ते तपासायला त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, म्हणजे शिंप्याने विजारीसाठी घेतलेले कमरेचे माप! आणि खरेच, चालकांच्या कमरा वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या, तरुण वयातल्यासुद्धा. हे १९५६ साली त्यांनी स्वतःच छापले. कामाचा परिणाम खोटा ठरला नाही, पण मनुष्य कामावर येतो तेव्हा कोरी पाटी घेऊन येत नाही, एवढे कळून चुकले. तो मागचे काहीतरी अंगावर घेऊन येतो. हे 'मागचे काहीतरी' म्हणजे काय, ते पुढे पाहू.

लंडनमध्येच १९६७ साली सुरू झालेली दुसरी एक पाहणी सरकारी कचेऱ्यांतली होती. सुमारे अठरा हजार पुरुष नोकर. यांत उपाशी कोणी नाही, बेकार कोणी नाही, दवाखाना सर्वांना सरकारी आणि फुकट. आपली समजूत अशी की, मोठ्या साहेबाला जबाबदारीचे ओझे, म्हणून झटका त्यालाच यायचा. निघाले भलतेच! सर्वांत वरच्या साहेबांच्या तुलनेत सर्वांत खालच्या शिपाई-जासूद वर्गात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक. आणि मधली पायरी मधोमध. बिडी-सिगारेट, रक्तदाब, वजन यांचा हिशेब वेगळा काढला, तरी या फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. मायकेल मार्मट या संशोधकाने पुढे आयुष्यभर याच गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या कामावर आपला ताबा किती, मान किती, उद्याची शाश्वती किती, हेदेखील शरीरात उतरते. हुकूम सोडणाऱ्याला ताण असतो, पण तो केव्हा उठायचे आणि केव्हा बसायचे हे स्वतः ठरवतो. ज्याला घंटा वाजली की धावावे लागते, त्याचा ताण निराळा. हे ऐकून आपल्या तालुका कचेरीतली काही तोंडे तुमच्या डोळ्यांसमोर आली असतील.

आता ते 'मागचे काहीतरी'. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन, वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन, अंगावर पीत होते की बाटलीवर, अशा नोंदी वहीत करीत. कामाचे कागद, दुसरे काय! पण कोणा भल्या माणसाने त्या वह्या रद्दीत घातल्या नाहीत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी साउदॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या. त्यांनी १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जी बाळे जन्मतः आणि पहिल्या वर्षी सर्वांत हलकी होती, तीच पुढे हृदयविकाराने सर्वांत जास्त दगावली. मधुमेहाचेही तसेच दिसून आले. साठाव्या वर्षीच्या दुखण्याचे एक मूळ पाळण्यापर्यंत, किंबहुना त्याच्याही अलीकडे, आईच्या पोटापर्यंत गेलेले होते.

हे कसे घडते? दुष्काळात शेतकरी काय करतो ते आठवा. दागिना मोडतो, जनावर विकतो, पण बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. गर्भही तेच करतो. आईकडून पुरेसे पोषण येत नसले म्हणजे तो आधी मेंदू राखतो आणि काटकसर करतो ती स्नायूंत, मूत्रपिंडात, स्वादुपिंडात. स्वादुपिंड म्हणजे जठरामागचे पानासारखे लांबट इंद्रिय; इन्सुलिन नावाचा रस तिथे तयार होतो. आपण खाल्लेल्या भाकरीची शेवटी साखर होते, ती रक्तात येते, आणि हा रस तिला रक्तातून स्नायूंत पोचती करतो. स्नायू ती जाळून काम करतात. आता ज्याचे स्नायू मुळातच किरकोळ आणि ज्याचे स्वादुपिंड तोकडे, त्याच्याकडे साखर जाळणारी भट्टीही लहान आणि तिथवर नेणारी गाडीही लहान. तो जन्मभर ज्वारीची भाकरी खाऊन औत हाकील, तर हे उणे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्यालाच पुढे शहरात बसायचे काम आणि दिवसातून सहा कप गोड चहा मिळाला की, माल वाढतो आणि गाडी तीच राहते. अभावापाठोपाठ सुबत्ता, आणि तीही अर्धवट, स्वस्तातली सुबत्ता, ही जोडगोळी नुसत्या सुबत्तेपेक्षा वाईट.

ही विलायतेची कथा आपल्याला लागू पडते काय, हे पाहण्याचे काम आपल्याच पुण्यात झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. शेतकरी घरांतल्या, मूल होण्याच्या वयाच्या बायकांची आधी वजने-मापे घेतली. ज्यांना दिवस गेले त्यांचे खाणे, त्यांचे काम, त्यांचे रक्त, आणि मग जन्मलेली बाळे, सगळे तपासले. या माउलींचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास भरले. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ जवळजवळ पाऊण किलोने हलके! आता गंमत पाहा. ते सगळीकडे सारखेच कमी नव्हते. दंड बारीक, पोटातली इंद्रिये लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्याच अंशी शाबूत. वर पाहावे तर कृश, आत पाहावे तर मेदाळ. जगभरच्या वैद्यकीय लिखाणात आज 'कृश-मेदाळ भारतीय बाळ' म्हणून जे ओळखले जाते, ते या सहा खेड्यांतले.

त्या माउलींच्या ताटाचीही नोंद झाली होती. नुसते पोटभर खाण्यापेक्षा ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे थोराड निघाली. आणि ज्यांच्यामागे शेतातले, पाणी ओढण्याचे, जड कष्टाचे काम गरोदरपणीही सुटले नाही, त्यांची बाळे लहान. रक्त तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते; ते दूध, अंडी, मासळी, मांस यांतून मिळते. आता आपल्या घरातली वाटणी आठवा. दूध डेअरीला जाते. उरते ते चहाला आणि पोरांना. अंडे असलेच तर कर्त्या पुरुषाला. सून जेवायला बसते तेव्हा पातेल्यात कालवणाचा रस्सा उरलेला असतो. यात कोणी दुष्ट आहे असे मी म्हणत नाही; सासूबाईंनीही त्यांच्या सासरी तेच केले होते. पण ही वाटणी पोटातल्या बाळापर्यंत पोचते, हे आता मापून दाखवता येते.

वाटणीचीच दुसरी बाजू मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दातांना लावण्याची सवय आपल्याकडच्या बायकांत किती आहे, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. भूक मरते, शीण जाणवत नाही, म्हणून ती लागते. कष्ट आणि अर्धे पोट यांचाच तो एक भाऊबंद. मुंबईत गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी, न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. कोणी ओढत नाही, धूर दिसत नाही, म्हणून ती व्यसनांत मोजलीही जात नाही.

आणि शिक्षण? २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. दर पाचांत एक! जिची स्वतःची हाडे-स्नायू अजून वाढताहेत, तिच्या अंगातून दुसऱ्या जिवाने वाटा घ्यायचा. शाळेत दहावीपर्यंत टिकलेली मुलगी सहसा दोन-तीन वर्षे उशिरा बोहल्यावर चढते. तेव्हा आठवीनंतर गैरहजर राहू लागलेल्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांची समजूत घालणाऱ्या गुरुजींचे किंवा बाईंचे काम हे मधुमेह-निवारणाचेही काम आहे. हे कोणत्याही आरोग्य खात्याच्या तक्त्यात लिहिलेले सापडणार नाही.

त्या सहा खेड्यांतल्या बाळांचे पुढे काय झाले? ती वाढली, शाळेत गेली, आणि दर सहा वर्षांनी तपासली गेली. अठराव्या वर्षीचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. मुलांपैकी शेकडा ३७ आणि मुलींपैकी शेकडा १८ जणांच्या रक्तातली साखर निरोगी रेषेच्या वर गेलेली होती, बहुतेकांची उंबरठ्यापर्यंत. आणि याच तरुणांपैकी जवळजवळ निम्मे वजनाने कमी होते. पोट सुटलेले नाही, बसून खाल्लेले नाही, वय अवघे अठरा. पारावरच्या वाक्याला याहून मोठे उत्तर मला तरी ठाऊक नाही.

रोग झाल्यावरही सामाजिक पायरी पाठ सोडत नाही. सुश्रुताने मधुमेहाचे दोन प्रकार सांगितले होते: एक जन्मजात, त्यातला रोगी कृश, दुसरा अपथ्यातून, त्यातला रोगी स्थूल. इतकेच नव्हे, तर उपचारही खिसा पाहून सांगितले. धनवानाने अमुक धान्ये खावीत. निर्धन आणि निराधार असेल त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावे. गरिबाला चालायला लावणारा हा वैद्य थोर खराच. फक्त अनवाणीपण आज चालणार नाही. मधुमेहाने पायाची संवेदना जाते, बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, चिखलात जखम चिघळते आणि पुढे पाय कापण्याची पाळी येते. साहेबाच्या पायात बूट असतात. रोपे लावणाऱ्या बाईच्या पायात काही नसते. रोग एकच, पण पाय गमावण्याचा धोका सारखा नाही. त्यातून तालुक्याला तपासणीसाठी एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. मग गोळ्या पंधरा दिवस घ्यायच्या, बरे वाटले की बंद करायच्या. हा अडाणीपणा नव्हे. तो हिशेब आहे, आणि त्यांच्या मिळकतीत तो तसाच सुटतो. म्हणूनच तपासणी आणि गोळी गावाच्या उपकेंद्रापर्यंत येण्याला महत्त्व आहे.

आता आपल्या गावातल्या आशाताईंच्या हातात एक छापील कागद असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तो भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचे माप, आठवड्यातून दीडशे मिनिटे अंगमेहनत होते का, घरात आई-बाप-भावंडांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार आहे का, अशा सहा गोष्टींना गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. कमरेचे माप बाईचे ऐंशी सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचे नव्वदच्या वर गेले की गुण चढू लागतात. कागद चांगला आहे, सुटसुटीत आहे, आणि ताई दारात आल्या तर "आम्हाला काय झालंय?" असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. गुण कमी आले तरी रक्त तपासून घ्या. कारण या सहा प्रश्नांत जन्माच्या वजनाचा प्रश्न नाही, तुमच्या आईने तुम्हाला पोटात वाढवताना काय खाल्ले हाही नाही, आणि बारीक कमरेचा शेतकरी या बेरजेतून सहज निसटतो. ज्यांच्या घरी मुलांची अंगणवाडीतली वजनाची कार्डे असतील त्यांनी ती जपून ठेवावीत. हर्टफर्डशरच्या त्या वह्यांसारखी ती केव्हा कामाला येतील, सांगता येत नाही.

पुण्याच्या त्या मंडळींनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. बाळंतिणीपर्यंत थांबलो तर उशीर होतो, असे ध्यानात आल्यावर त्यांनी २०१२ मध्ये त्याच खेड्यांतल्या, १९९३ नंतर जन्मलेल्या त्या मुलामुलींनाच, लग्नाच्या आधीपासून, बी-१२ जीवनसत्त्वाच्या छोट्या मात्रेच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. काहींना नुसते बी-१२, काहींना त्याबरोबर इतरही जीवनसत्त्वे, आणि तुलनेसाठी काहींना यांतले काहीच नाही. हेतू असा की, ही मुले आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांत काही फरक पडतो का, ते पाहावे. त्यांतल्या कित्येक मुलींची लग्ने झाली, पाळणे हलले, आणि ज्या काट्यावर एके काळी आई तोलली होती, तसल्याच काट्यावर तिचे बाळ तोलले गेले. एकाच घरातली तिसरी पिढी आता त्या नोंदवहीत उतरली आहे.